बायोमेडिकल इंजिनिअरिंग, प्लेसमेंटच्या वर्षासकट: नव्याने येणाऱ्यांसाठी

प्लेसमेंट म्हणजे इथे डिग्री संपल्यावर मिळणारी नोकरी नव्हे, हे आधीच सांगते, कारण यावरून फार गोंधळ होतो. डिग्री चालू असतानाच मधलं एक वर्ष किंवा काही महिने तुम्ही हॉस्पिटलच्या इक्विपमेंट विभागात, मेडिकल डिव्हाइस बनवणाऱ्या कंपनीत नाहीतर टेस्टिंग लॅबमध्ये खरंखुरं काम करता आणि मग परत येऊन शेवटचं वर्ष पूर्ण करता. याला कुठे सँडविच कोर्स म्हणतात, कुठे को-ऑप. को-ऑप पद्धत १९०६ मध्ये हर्मन श्नायडर यांनी सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत सुरू केली, थोडे दिवस वर्ग, थोडे दिवस कारखाना असं आलटून पालटून. आज नावं वेगळी असली तरी गाभा तोच आहे.

मी हा कोर्स केलाय, प्लेसमेंट केलीय, आणि आता प्लेसमेंटला येणाऱ्या मुलामुलींबरोबर रोज काम करते. ज्यांचं वर्ष चांगलं जातं त्यांच्यात मला एक गोष्ट हमखास दिसते: हातातलं यंत्र चुकलं तर पेशंटचं काय होईल हे ते आधी विचारतात आणि जे सुचेल ते लिहून ठेवतात. ही सवय पहिल्या वर्षापासून लावून घेता येते, खाली जे लिहिलंय ते बरंचसं त्यासाठीच आहे.

पायरी १: कोर्स निवडताना नावावर जाऊ नका, विषयांची यादी वाचा

बायोमेडिकल इंजिनिअरिंग या एकाच नावाखाली खूप वेगवेगळे कोर्स खपतात. एका ठिकाणी अर्ध्याहून जास्त विषय इलेक्ट्रॉनिक्स आणि सिग्नल प्रोसेसिंगचे असतात, दुसरीकडे सगळा भर हाडं, सांधे, इम्प्लांट आणि मटेरियलवर, तिसरीकडे इमेजिंग, आणि काही ठिकाणी कोर्स जवळजवळ बायोलॉजीचाच असतो, इंजिनिअरिंग नावापुरतं. यातलं कुठलंच वाईट नाही पण प्लेसमेंटला तुम्हाला कोण घेणार हे यावरच ठरतं. म्हणून दुसऱ्या वर्षाअखेर काय काय शिकून झालेलं असेल ते बघा, कारण प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला तुमच्याकडे तेवढंच असणार आहे.

मग युनिव्हर्सिटीला सरळ चार प्रश्न विचारा. प्लेसमेंट तुम्ही शोधून देता की आम्ही शोधायची? (बहुतेक ठिकाणी मदत मिळते, शोधायची आपणच.) नाहीच मिळाली तर प्लेसमेंटशिवायच्या कोर्समध्ये बदलून मिळतं का? त्या वर्षाची फी किती? आणि गेल्या दोन-तीन वर्षांत मुलं नेमकी कुठे गेली? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर सावध व्हा. परदेशात शिकायला जाणार असाल तर प्लेसमेंट तुमच्या व्हिसात बसते का आणि कोर्सच्या कागदांवर ती पहिल्यापासून लिहिलेली आहे का, हे जायच्या आधी लेखी विचारून घ्या, नंतर कोर्स बदलताना यातच माणसं अडकतात.

आणि हो, या डिग्रीने डॉक्टर होता येत नाही. घरच्यांनाही हे समजावून सांगा.

पायरी २: पहिल्या वर्षी हात घाण होऊ द्या

पहिल्या वर्षी गणित, सर्किट, मेकॅनिक्स आणि शरीररचना असं सगळं एकदम अंगावर येतं आणि यांचा एकमेकांशी काय संबंध हेच कळत नाही. मलाही कळत नव्हतं, ते कळलं ईसीजीच्या प्रॅक्टिकलला.

हृदयाच्या ठोक्याचा इलेक्ट्रिकल सिग्नल छातीच्या कातडीवर साधारण १ मिलिव्होल्टचा असतो. आणि आपलं शरीर म्हणजे चालताबोलता अँटेना, भिंतीतल्या वायरिंगमधला ५० किंवा ६० हर्ट्झचा गुणगुणाट ते सहज पकडतं. माझ्या स्क्रीनवर ठोके दिसतच नव्हते, नुसता एक जाड पट्टा. मी ५० हर्ट्झचा फिल्टर टाकला, रेषा गुळगुळीत झाली आणि मी सरांना बोलावलं. सरांनी फिल्टर काढून टाकला आणि म्हणाले, हा आवाज येतोय कुठून ते आधी शोध. मग मी इलेक्ट्रोडखालची कातडी नीट पुसली, सुकलेलं जेल बदललं, दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळून मधला मोठा वेटोळा घालवला, उजव्या पायाचा इलेक्ट्रोड नीट चिकटवला. पट्टा बारीक होत होत त्यातून एकेक टोकदार ठोका वर आला. पी लाट, क्यूआरएस, टी लाट, म्हणजे एका ठोक्याचे ओळीने येणारे भाग, सगळं. नंतर फिल्टर लावलाच, पण तोपर्यंत तो कशावर लावतेय हे मला माहीत होतं. शिवाय फिल्टर लावला की खऱ्या सिग्नलचाही थोडा भाग जातो, मॉनिटरिंगसाठी ०.५ ते ४० हर्ट्झ एवढ्या फ्रिक्वेन्सी चालतात पण डॉक्टरांना निदान करायचं असेल तर ०.०५ ते १५० हर्ट्झ लागतात, कारण जास्त फिल्टर केलं की एसटी सेगमेंटचा, म्हणजे क्यूआरएस आणि टी लाटेमधल्या भागाचा, आकारच बदलतो आणि हार्ट अटॅक ओळखताना डॉक्टर नेमकं तेच बघतात.

ही गोष्ट मी नंतर प्रत्येक इंटरव्ह्यूत सांगितली आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस पुढे सरकून बसला. तुमच्याकडे पहिल्या वर्षाअखेर अशी एक तरी गोष्ट हवी, जी पुस्तकात वाचलेली नाही, हाताने केलेली आहे.

गणित मागे पडू देऊ नका एवढंच सांगते. लाप्लास, फूरिये, डिफरन्शियल इक्वेशन हे सगळं पुढे लागतंच.

पायरी ३: कोडिंग आणि कॅड

मॅटलॅब किंवा पायथन यातलं एक चांगलं, थोडं सी, आणि सॉलिडवर्क्ससारखं एक कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर भागांचं डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर. सगळं येण्याची गरज नाही. कॅडमध्ये नुसता सुंदर भाग काढू नका, टॉलरन्स (माप किती कमीजास्त चालेल ते) टाकलेलं ड्रॉइंग काढायला शिका, वर्कशॉपमधला माणूस ते बघून भाग बनवू शकला पाहिजे.

कोडिंगच्या बाबतीत एक प्रकरण मात्र प्रत्येकाने वाचायलाच हवं, थेरॅक-२५ चं. कॅन्सरवर रेडिएशन देणारं हे मशीन, १९८५ ते १९८७ मध्ये त्याच्यामुळे सहा पेशंटना प्रचंड ओव्हरडोस मिळाला, काही दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये धोका दिसला की बीम रोखणारे हार्डवेअरचे इंटरलॉक होते, यात त्यांचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं. सवयीच्या ऑपरेटरने स्क्रीनवरची माहिती भरभर दुरुस्त केली की सॉफ्टवेअरचे दोन भाग एकमेकांच्या पुढेमागे व्हायचे आणि बीम चुकीच्या स्थितीत सुटायचा. स्क्रीनवर यायचं नुसतं 'मालफंक्शन ५४'. त्याचा अर्थ ऑपरेटरला कोणी सांगितलेलाच नव्हता, असे मेसेज रोजच यायचे, म्हणून पुढे चला असं बटण दाबलं जायचं. तुम्ही एरर मेसेज लिहाल तेव्हा तो वाचणारी बाई किंवा माणूस डोळ्यासमोर आणा.

पायरी ४: दुसऱ्या वर्षी एक पान लिहा

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हिला पैसे लागत नाहीत.

मेडिकल डिव्हाइसच्या जगात तीन स्टँडर्डची नावं सतत कानावर पडतात. आयएसओ १३४८५ म्हणजे कंपनीची क्वालिटी सिस्टम कशी असावी, आयएसओ १४९७१ म्हणजे धोका कसा ओळखायचा आणि कमी करायचा, आणि आयईसी ६०६०१ म्हणजे विजेवर चालणारी मेडिकल उपकरणं सुरक्षित कशी ठेवायची. सॉफ्टवेअरकडे जाणार असाल तर आयईसी ६२३०४ पण. ही पाठ करायची नाहीत, विकतही घ्यायची नाहीत, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बहुतेक वेळा वाचायला मिळतात. १४९७१ ची विचार करायची पद्धत तेवढी उचला आणि एका साध्या यंत्रावर लावून बघा.

पल्स ऑक्सिमीटर घ्या, बोटाला लावायचा चिमटा. त्यामागची कल्पना १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडली. बोटातून दोन प्रकाश जातात, साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, आणि ठोक्यागणिक जो भाग कमीजास्त होतो तेवढाच धरला की कातडी, हाड, नख हे सगळं हिशोबातून बाजूला पडतं. फारच सुंदर कल्पना आहे. आता वही उघडा आणि लिहा, हे यंत्र खोटं कधी बोलेल? बोट गार पडलंय, ठोकाच पोचत नाही. पेशंट थरथरतोय. गडद नेलपॉलिश. वरून प्रखर दिवा. धुरात सापडलेला पेशंट, ज्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे, त्याचा आकडा छान दिसतो आणि माणूस गुदमरलेला असतो. गडद त्वचेच्या लोकांमध्ये आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणजे ज्याला ऑक्सिजन हवाय त्याला तो वेळेवर मिळणार नाही. प्रत्येकापुढे तीन रकाने करा: पेशंटचं नुकसान काय, ते किती गंभीर, आणि टाळण्यासाठी डिझाइनमध्ये काय करता येईल. इशारा छापणं हा उपाय सगळ्यात शेवटचा, आधी डिझाइन बदला, मग अलार्म किंवा संरक्षण, आणि मग सूचना, हा क्रम १४९७१ मध्येच दिलेला आहे.

हे एक पान अर्जाला जोडा किंवा इंटरव्ह्यूला घेऊन जा. पन्नास अर्जांमध्ये एखाद्याकडेच असं पान असतं, आणि मी अर्ज वाचते म्हणून सांगते, ते पान मी दोनदा वाचते.

पायरी ५: प्लेसमेंट शोधणं

निदान वर्षभर आधी सुरुवात करा. मोठ्या कंपन्या फार लवकर अर्ज घेतात आणि लवकर बंद करतात, हॉस्पिटलं आणि छोट्या कंपन्या उशिरा जागी होतात. म्हणून एकदा नकार आला की वर्ष गेलं असं धरून बसू नका, दुसरी लाट येते.

शोधताना नजर जरा मोठी ठेवा. सगळे कंपनीच्या डिझाइन टीममागे धावतात आणि तिथे जागा मोजक्या. हॉस्पिटलचा क्लिनिकल इंजिनिअरिंग विभाग, लीकेज (यंत्रातून झिरपणारा करंट) आणि ईएमसी (यंत्रांचा एकमेकांना होणारा विद्युतचुंबकीय त्रास) टेस्ट करणाऱ्या लॅब, कृत्रिम हातपाय बनवणारी केंद्रं, युनिव्हर्सिटीच्याच रिसर्च लॅब, रेग्युलेटरीची, म्हणजे यंत्र विकायच्या सरकारी परवानगीची, कागदपत्रं तयार करणाऱ्या कंपन्या, या सगळीकडे शिकायला मिळतं. रेग्युलेटरीला मुलं नाक मुरडतात, पण यंत्र बाजारात येण्याआधी नेमकं काय काय सिद्ध करावं लागतं हे तिथे जितकं कळतं तितकं दुसरीकडे कुठेच कळत नाही.

सीव्हीत "टीममध्ये काम करायला आवडतं" अशी वाक्यं नकोत. काय बनवलं, काय मोजलं, किती आलं, काय चुकलं, हे लिहा. इंटरव्ह्यूत कधीकधी हातात एखादी वस्तू देतात आणि बोल म्हणतात. माझ्या हातात सिरिंजचं टोक दिलं होतं. लुअर म्हणतात त्याला, ६ टक्के निमुळतं असतं म्हणून दाबून फिरवलं की घट्ट बसतं. ते इतकं सोयीचं की वर्षानुवर्षं सगळ्याच नळ्यांना तेच टोक होतं, आणि त्यामुळे पोटात जायचं अन्न शिरेत जोडलं गेल्याचे भयंकर अपघात झाले. म्हणून आयएसओ ८०३६९ या मालिकेत वेगवेगळ्या कामांच्या नळ्यांना एकमेकांत बसणारच नाहीत असे आकार दिले. मला त्यातलं त्या दिवशी अर्धंच माहीत होतं, पण हे टोक चुकीच्या नळीत बसलं तर काय, एवढं मी विचारलं आणि ते त्यांना पुरलं.

तुम्हीही त्यांना एक प्रश्न नक्की विचारा: माझं काम रोज कोण तपासणार? माणसाचं नाव सांगितलं तर चांगली जागा. "सगळेच बघतील" म्हणाले तर कोणीच बघणार नाही. कंपनीच्या नावापेक्षा मी याला जास्त वजन देते. आणि पगार नसेल तर नीट विचार करा, वर्षभर फुकट राबणं सगळ्यांना परवडत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी ६: पहिला महिना

ऑफर आली की लसीकरणाची कागदं आणि पोलीस पडताळणी लगेच सुरू करा, हॉस्पिटलमध्ये हिपॅटायटिस बी वगैरेचा पुरावा मागतात आणि यात आठवडे जातात.

पहिला महिना वाचण्यात जातो. एसओपी (प्रत्येक काम कसं करायचं त्याची लेखी पद्धत) वाचा, सही करा, परत वाचा. कंटाळा येतो, मला तर रडू यायचं, पण यातलं अर्धं पुढे रोज लागतं. लिहायची शिस्त सगळ्यात आधी शिका: शाईच्या पेनाने लिहायचं, चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची म्हणजे खालचं वाचता येईल, शेजारी सही आणि तारीख, व्हाइटनर कधीच नाही. काम झालं की तिथल्या तिथे लिहायचं, संध्याकाळी आठवून नाही.

याची किंमत मला कशी कळली ते सांगते. आमच्याकडे पेशंट मॉनिटरच्या लीकेज करंटच्या टेस्ट होत्या. पेशंटला जोडलेल्या भागातून किती करंट वाहू शकतो त्याची मर्यादा असते, बीएफ प्रकाराला साध्या स्थितीत १०० मायक्रोअँपिअर आणि सीएफ प्रकाराला फक्त १०, कारण सीएफ थेट हृदयाशी जोडायला चालतो आणि तिथे कातडीचा अडथळा नसतो. (यंत्रावर चौकोनात माणूस दिसला तर बीएफ, चौकोनात हृदय दिसलं तर सीएफ. हॉस्पिटलमध्ये गेलात की शोधून बघा.) मी चाळीस यंत्रं तपासली, सगळे आकडे नीट लिहिले, आणि ज्या मीटरने मोजलं त्याचा सीरियल नंबर लिहायचा राहिला. आमच्याकडे तसे दोन मीटर होते आणि एकाचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो बरोबर मोजतो या तपासणीची मुदत, संपलेलं होतं. मला पक्कं आठवत होतं की मी चांगलाच मीटर वापरलाय, पण आठवणीला रेकॉर्डमध्ये जागा नसते. चाळीसच्या चाळीस परत तपासली, दोन दिवस गेले. सुपरवायझर एक शब्द रागावल्या नाहीत, शेजारी बसून माझ्याबरोबर तपासत राहिल्या. तेव्हापासून मी मीटरचा नंबर आधी लिहिते आणि मगच वायर लावते.

पायरी ७: वॉर्डमध्ये जा

शक्य असेल तेव्हा, परवानगी घेऊन, यंत्र जिथे वापरलं जातं तिथे जाऊन उभे राहा. एक इन्फ्युजन पंप (शिरेत हळूहळू औषध सोडणारं यंत्र) आमच्याकडे तीनदा आला, सारखा ऑक्लूजनचा, म्हणजे नळी अडल्याचा, अलार्म देतो म्हणून. बेंचवर तिन्ही वेळा पास. प्रेशर सेन्सर बरोबर, मोटर बरोबर. शेवटी मी वॉर्डात गेले तर तिथल्या सिस्टरनी मला पेशंटचा हात दाखवला, सुई कोपराच्या आतल्या बाजूला होती आणि आजी झोपेत कोपर दुमडायच्या. नळी दबायची, पंप बरोबरच सांगत होता. सिस्टरना हे माहीत होतं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यानंतर आमच्या तक्रारीच्या फॉर्मवर आम्ही एक ओळ वाढवली, सुई कुठे लावली आहे.

तिथे असताना तीन नियम. पेशंटचा किंवा स्क्रीनचा फोटो काढायचा नाही, अगदी रिपोर्टसाठीसुद्धा. निर्जंतुक झाल्याचं लेबल नसलेलं यंत्र उघडायचं नाही. आणि पेशंटला लावलेल्या यंत्राला, कितीही सोपं वाटलं तरी, आपणहून हात लावायचा नाही.

पायरी ८: वर्षाच्या मध्ये

दर शुक्रवारी अर्धं पान लिहा, काय केलं, काय कळलं नाही. युनिव्हर्सिटीला शेवटी रिपोर्ट लागतो आणि ज्यांच्याकडे ही पानं नसतात ते शेवटच्या आठवड्यात हवालदिल होतात. दोन महिने झाले आणि अजून नुसती फाईलच लावताय, तर गप्प बसू नका. आधी सुपरवायझरशी बोला, "मला अमुक टेस्ट शिकायची आहे, कोणाबरोबर बसू?" असं नेमकं विचारा, आणि तरी काही हललं नाही तर युनिव्हर्सिटीच्या ट्यूटरना कळवा. ते त्यांचं कामच आहे. एकटं वाटतं, मित्रमैत्रिणी वेगवेगळ्या गावी गेलेल्या असतात, तेही ट्यूटरना सांगायला हरकत नाही.

आणि आठवड्यातून एक संध्याकाळ गणिताला द्या. परत गेल्यावर शेवटच्या वर्षाला कंट्रोल सिस्टम समोर येते आणि बारा महिन्यांत हात पार बसून गेलेला असतो.

पायरी ९: निघताना

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी इथला विषय न्यायचा असेल तर लेखी परवानगी निघायच्या दोन महिने आधी मागा, कंपनीची माहिती असेल तर वकिलांपर्यंत जातं आणि वेळ लागतो. पेशंटच्या डेटाला किंवा माणसांवरच्या साध्याशा चाचणीलाही एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, तीही लवकर. शिफारसपत्र कोण देणार ते समोरासमोर विचारून ठेवा, सहा महिन्यांनी ईमेलवर विचारलं तर त्यांना तुमचं काम अंधुकच आठवत असतं.

शेवटच्या आठवड्यात नवीन काम अंगावर घेऊ नका. तुमच्या बेंचवरची प्रत्येक वायर कुठून कुठे जाते त्याची चिठ्ठी तिच्यावरच चिकटवा, कुठली फाईल अर्धवट आहे आणि ती का थांबलीय ते एका पानावर लिहा, आणि तुमच्या जागी येणार असलेल्या मुलाला किंवा मुलीला ते पान तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला लावा. जिथे ते अडखळतील तिथे पेनाने दुरुस्त करा, सही आणि तारीख घाला.